आवक सल्ल्यांची, जावक दगडांची

परळीत माणसानं घराच्या आत काय वाट्टेल ते करावं, कुणी विचारत नाही. पण दारापुढं मुरमाची ट्रॉली रिकामी झाली, की ते काम त्याचं उरत नाही, गल्लीचं होतं. ट्रॉलीचा फाळका आपटल्याचा आवाज विरतो न विरतो तोच हात मागं बांधलेला पहिला माणूस ढिगाशी येऊन उभा राहतो, चपलेच्या टोकानं मुरूम जरा उकरतो आणि विचारतो, "कुठून आणला?" तो कुठूनही आणलेला असो, तिथून आणायला नको होता.

हे ठाऊक असूनही मी दारापुढं दगडी ओटा स्वतःच्या हातानं बांधायला घेतला. कारण आमचा पुण्याचा मुलगा. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. एक गोरा माणूस अर्ध्या चड्डीत, शीळ घालत, एका दुपारात घरामागं दगडी अंगण करून मोकळा होतो. शेवटी बायको सरबत आणते आणि दोघं त्याच दगडांवर खुर्च्या टाकून बसतात. खाली मुलानं लिहिलं होतं, 'बाबा, रिटायर झालात, वेळ जाईल.' व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिला की तो माणूस कोणत्या क्षणी घाम पुसतो तेही पाठ झालं. दगड कसे बसवतात ते सगळं त्यात होतं. फक्त त्यात गल्ली नव्हती.

आता माझी पात्रता सांगतो. मी थर्मलला होतो. 1971 साली वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला तेव्हापासून परळीत 'थर्मलला आहे' एवढं म्हटलं की पुढं काही विचारत नाहीत, थेट मुलगी देतात. मी होतो तिथल्या स्टोअरमध्ये. स्टोअरमधल्या माणसाचा विजेशी संबंध इतरांइतकाच, बटण दाबण्यापुरता. नट-बोल्टपासून बेअरिंगपर्यंत जे येईल ते आवकेत, जे जाईल ते जावकेत लिहायचं आणि महिनाअखेर दोन्ही जुळवायचं, एवढं आमचं काम. माझ्या वहीत कधी एक वॉशर कमी भरला नाही. त्यामुळं ओट्याचं ठरल्यावर मी पहिल्यांदा शंभर पानी वही आणली. डाव्या पानावर 'आवक', उजव्या पानावर 'जावक' लिहून पट्टीनं रेघा मारल्या. टिकाव-फावडं नंतर आणलं.

"गवंडी लावा," बायको म्हणाली.

"आपल्या भागाला दगडाची परंपरा आहे," मी म्हणालो. "अंबाजोगाईचा हत्तीखाना अख्ख्या खडकात कोरलाय. धर्मापुरीचं केदारेश्वर बघ. ते राहू दे, आपलं वैजनाथाचं मंदिर बघ. अठराव्या शतकात अहिल्यादेवींनी जीर्णोद्धार केला, अजून दिमाखात उभं आहे."

"अहिल्यादेवींनी गवंडी लावले होते," ती म्हणाली आणि शेपू निवडायला लागली.

दगड कोणता घ्यायचा, इथपासून प्रश्न. मराठवाड्यात फरशी म्हणजे शहाबादी. चुनखडीचा दगड, खाणीतून पदरापदरानं निघतो, त्यामुळं मुळातच सपाट मिळतो. 1948 पर्यंत शहाबाद आणि परळी एकाच निजामाच्या राज्यात होती. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. फरशी म्हैसूर राज्यात गेली आणि अंगण मुंबई राज्यात आलं. मोंढ्याजवळच्या दुकानदारानं मला शहाबादी दाखवली, मग आंध्रातला कडप्पा दाखवला, मग राजस्थानातला कोटा दाखवला. माझा स्वाभिमान जागा झाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतून ही सगळी दख्खनची जमीन दगडाची झाली, आणि आम्ही दगड राजस्थानातून मागवायचा? ठरलं. काळा पाषाणच. एक फूट लांब, एक फूट रुंद, तीन इंच जाड, असे ताशीव तुकडे. ओटा बारा बाय दहाचा, म्हणजे दगड 120. फुटतुटीला दहा. एकूण 130. आवकेत लिहून टाकलं.

वहीत दगडाला वजन नसतं, हा वहीचा मोठा गुण. प्रत्यक्षात काळ्या पाषाणाचा एक घनफूट 80 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे माझा एकेक तुकडा 20 किलोचा. पहिला दगड मी छातीशी कवटाळून ट्रॉलीपासून भिंतीपर्यंत नेला आणि ठेवला. तो जरासा वाकडा वाटला म्हणून पुन्हा उचलायला गेलो, तर उठेना. वैद्यनाथाच्या कथेत रावणानं शिवलिंग एकदा खाली टेकवलं आणि मग ते त्याला पुन्हा उचललं नाही, असं सांगतात. वीस हातांच्या माणसाची ही गत, मग दोन हातांच्या आणि एका कमरेच्या माणसानं काय करावं? त्यानं दवाखान्यात जावं. मी गेलो.

डॉक्टरांनी पालथं झोपवलं आणि मणक्यावर अंगठा दाबला.

"दुखतंय?"

"हो."

"आणि इथं?"

"आई गं!"

"खालची काळी माती किती काढली?"

मी पालथाच होतो, त्यामुळं हा प्रश्न माझ्या पाठीबद्दल आहे की ओट्याबद्दल, हे समजायला जरा वेळ लागला.

"काढलीच नाही? मग ओटा हलणार. पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर काहीही ठेवा, वर्षातून एकदा वर जाईल, एकदा खाली येईल. फूटभर माती काढा, मुरूम भरा, पाणी मारा, धुम्मस मारा. मग दगड. आणि वाकायचं नाही, महिनाभर."

एवढं सगळं न वाकता कसं करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला खड्ड्याचा आडवा छेद काढून दिला. फी मात्र एकाच बाजूची घेतली.

बारा बाय दहा, एक फूट खोल. 120 घनफूट काळी माती बाहेर आली. ती कुठं टाकायची, ही काळजी मला रात्रभर होती. सकाळी अर्धी माती नव्हती. "तुळशीला जराशी नेली हो," शेजारच्या काकू म्हणाल्या. जराशी म्हणजे चार टोपली. दुपारी तीन घरच्या कुंड्या भरल्या, संध्याकाळी कुणाच्या तरी परसात वाफा झाला. जावकेच्या पानावर पहिली नोंद झाली. मी खूश होतो. माल आपोआप उठतोय याचा आनंद कुठल्याही स्टोअरकीपरला होईलच. पुढं काय उठणार आहे, याची चाहूल मात्र त्या नोंदीत नव्हती.

मग मुरूम. मुरूम ब्रासवर मिळतो आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. मी टेप घेऊन ट्रॉलीत चढलो. लांबी, रुंदी, उंची घेतली, गुणाकार केला.

"87 भरतोय," मी म्हणालो.

"निघाला तवा शंभरच व्हता, काका," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "रस्त्यानं हादरून हादरून बसला. खाणीवर येऊन मोजाय पायजे व्हतं तुमी."

"मग उरलेला तेरा?"

"त्यो ह्यातच हाय की. दबून बसलाय."

मी वहीत लिहिलं: मुरूम 87 घनफूट, हादरे 13. एकूण 100. हिशोब जुळला.

इथून सल्ल्यांची आवक सुरू झाली. ती इतकी जोरात होती की मला वहीत तिच्यासाठी वेगळं पान काढावं लागलं.

समोरचे अण्णा कोर्टात कारकून होते. ते सल्ला देत नाहीत, निकाल देतात. "मुरूम तांबडा पाहिजे. हा पिवळा आहे," असं म्हणून ते गेले. त्यांच्यामागून आलेल्या गृहस्थांनी मुरूम पिवळाच पाहिजे होता, पण हा तांबडा आहे, असं सांगितलं. मी दोघांच्याही नोंदी केल्या.

किराणा दुकानाचे मालक म्हणाले, "थर्मलमधी जलम गेला तुमचा, अन् सिमिटावर पैसे घालायलाव? राख टाका की राख. गावभर विटा राखेच्या व्हायल्यात."

"अहो, सिमेंटात राखच असते," मी म्हणालो. "पीपीसीच्या गोणीत 15 ते 35 टक्के राख घालतात."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी तुमी राख इकत आणली म्हणा की. परळीत राहून!"

ही बातमी संध्याकाळपर्यंत स्टेशनापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनीही विचारलं, "राख कशी दिली हो पोतं?"

इतिहासाचे सर सायकलवरून उतरले. "सिमेंट हवंय कशाला? यादवांचा प्रधान हेमाद्री. तेरावं शतक. हेमाडपंती बांधणीत ना चुना, ना सिमेंट. दगडांना खाचा पाडायच्या आणि एकमेकांत अडकवायचे. आपोआप उभं राहतं."

"खाचा कोण पाडणार, सर?"

"त्या काळी माणसं मिळत," असं म्हणून ते सायकलवर चढले.

वास्तूचं बघणारे एक स्नेही आले. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र ओट्याच्या मधोमध धरलं आणि जमिनीचा ढाळ ईशान्येलाच पाहिजे, म्हणून बजावलं. आमचं घर दक्षिणमुखी. अंगणाच्या ईशान्येला आमचाच उंबरा येतो. "तेच तर भाग्य आहे," ते म्हणाले.

या सगळ्यांत दूधवाला वेगळा. तो गाडी बंद करत नाही, पाय टेकवत नाही. दुधाचं माप पातेल्यात ओततो, ओट्याकडं एक नजर टाकतो, "ढाळ!" एवढंच म्हणतो आणि निघून जातो. रोज तेच. दुधाला भाव वाढवून मागायची ही त्याची काही खास पद्धत असावी, असं मला वाटायचं. ढाळाचं गणित मला ठाऊक होतं. पाच फुटाला एक इंच द्यावा, पाणी निघून जातं. निघून कुठं जातं, याच्याशी गणिताला कर्तव्य नसतं.

तर ढाळ काढायला लेव्हल पाइप लागतो. लेव्हल पाइप म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक इथं धरायचं, एक तिथं. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला उभं राहतं. निसर्गाचा नियम, वशिला चालत नाही. अटी दोनच. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये आणि टोक धरणारा माणूस हलता कामा नये. बुडबुडा मी टिचक्या मारमारून हुसकला. तो नळीच्या पोटातून सरकत, मध्येच अडत, पुन्हा सरकत शेवटी वर आला आणि फुटला. दुसरं टोक अण्णांच्या हातात होतं. अण्णांचं काही करता येईना.

अण्णांचा स्वभाव बोलका आणि गल्ली रहदारीची. कुणाच्या मुलीचं लग्न जमल्याचं कळलं, "वा वा!" म्हणत अण्णांचा हात वर गेला. मी इकडं खूण केली. कुणी तरी दवाखान्यात असल्याचं कळलं, हात खाली आला. मी खूण केली. मध्येच त्यांनी शेंगदाण्याच्या भावावर संताप व्यक्त केला, तेव्हा तर नळीतलं पाणी माझ्या बाहीत आलं. आमच्या ओट्याची पूर्वेकडची कड बारकाईनं पाहिलीत, तर त्या सकाळी परळीत काय काय घडलं ते तुम्हाला वाचता येईल.

काटकोनाचंही तसंच. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, आणि तिरकं पाच भरलं की कोपरा काटकोनात. शाळेत सगळे शिकतात. आमचं तिरकं पाच फूट दोन इंच भरायला लागलं.

"टेप ताणून धरा," अण्णा म्हणाले, "येतंय बरोबर."

ताणून धरली. आलं बरोबर.

एका दुपारी पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे एक आजोबा खांद्याला पिशवी अडकवून गल्लीत आले. आता घरोघर मिक्सर. पाटा कुणाकडं राहिलाय? ते माझ्या दगडांपाशी थांबले. बराच वेळ बोलले नाहीत. आठवडाभरात न बोलणारा हा पहिला माणूस. मग पिशवीतून हातोडी काढून त्यांनी एका दगडावर हलकेच टोला दिला. टण्ण, असा स्वच्छ आवाज आला. शेजारच्या दगडावर टोला दिला. भद्द. तो दगड त्यांनी पालथा केला, अंगठ्याचं नख एका जागी फिरवलं. केसाएवढी रेघ होती. माझ्या डोळ्यांना चष्मा लावूनही ती दिसली नव्हती. असे चार दगड त्यांनी टण्ण आणि भद्द करत वेगळे काढले.

मला भरून आलं. "आजोबा, काम कराल का? किती घ्याल?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओट्याच्या पूर्वेच्या कडेकडं पाहिलं, तिरक्या कोपऱ्याकडं पाहिलं. "सवता करायलाव न्हवं?" म्हणाले. "करा, करा." आणि पाणी पिऊन गेले. गल्लीत एकानंही सल्ला दिला नसता तरी चाललं असतं. या एका माणसानं द्यायला हवा होता.

कडेचे दगड कापायला कटर मशीन भाड्यानं आणलं. त्याचं पातं दगडाला लागलं की काळ्या पिठीचा लोट उठतो. तो कुठं जाईल ते वारा ठरवतो. त्या दिवशी वाऱ्यानं आमच्या बायकोचे उडदाचे पापड ठरवले. पापडांना असा मिऱ्यांचा रंग चढला की ते पुढं सणाला पाहुण्यांनी वाखाणले. दात तपासत का होईना, वाखाणले. पातं अर्ध्या दगडात असताना वीज गेली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"काका, थर्मलला फोन लावा की," वरच्या मजल्यावरून आवाज आला.

"अहो, मी स्टोअरला होतो."

"मग स्टोअरातली थोडी सोडायला सांगा!"

आता दगडांच्या जावकेकडं वळतो, कारण खरा मामला तिथं आहे. एका सकाळी मोजले तर दगड 130 नव्हते. गल्लीत दगड चोरीला जात नाहीत, नेले जातात. 20 किलोचा दगड माणूस सहसा उगाच उचलत नाही, पण फुकटचा असला की वजन निम्मं होतं. पहिला दगड रिक्षाच्या चाकाला लावायला गेला. दुसरा पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर गेला. तीन दगड एका जावळाच्या जेवणाला चुलीसाठी गेले, ते काजळी होऊन परत आले, तेव्हा "पाषाण मूळचाच काळा, काका, फरक काय पडतोय?" असं आचारी म्हणाला आणि त्यातला एक चुलीचा म्हणून सवयीनं परत घेऊन गेला. एक गॅसच्या टाकीखाली गेला, एक पाण्याच्या टाकीवर गेला. एकालाही अजून कुणी शेंदूर फासला नाही, एवढंच काय ते समाधान.

मी नियम केला. दगड पाहिजे असेल त्यानं लेखी मागणी द्यावी. गल्ली हसली आणि तोंडी नेत राहिली. लेखी मागणी एकच आली. तिसरीतल्या एका मुलानं चौरेघी वहीचं पान फाडून आणलं. त्यावर लिहिलं होतं: 'दगड एक. कारण स्टंप. परत देणे शाळा सुरू झाल्यावर.' खाली सही, तारीख. माझ्या उभ्या नोकरीत इतकी निर्दोष मागणी माझ्या टेबलावर आली नव्हती. मी 'मंजूर' असा शेरा मारला. दगड मात्र त्याला एकट्याला उचलेना, म्हणून दोन्ही संघ आले आणि जाताना आणखी एक घेऊन गेले. दुसऱ्या बाजूच्या स्टंपला. तेही बरोबरच आहे म्हणा.

अखेर ओटा झाला. म्हणजे उरलेले दगड संपले. मुलाला व्हिडिओ कॉल करून दाखवला. "बाबा, मस्त! थोडा तिरका दिसतोय का?" त्याला म्हटलं, मोबाइल तिरका आहे. बायकोनं सरबत केलं. व्हिडिओतल्यासारख्या दोन खुर्च्या टाकल्या. खुर्चीचे चारही पाय एका वेळी टेकत नव्हते, पण बसल्या बसल्या जरा झुलता येत होतं, आणि अशी सोय त्या गोऱ्या माणसाच्या ओट्यावर दिसली नव्हती.

मग वळवाचा पाऊस आला. ढाळ अगदी अचूक निघाला. ओट्यावर पडलेला थेंब न् थेंब शिस्तीनं ईशान्येकडं निघाला, उंबऱ्याखालच्या फटीतून आत शिरला आणि बैठकीत पसरला. चप्पल-बूट आधी पोहत आले, मागून पेपर. मी वास्तूवाल्या स्नेह्यांना फोन लावला.

"ईशान्येकडून घरात पाणी येणं म्हणजे लक्ष्मी येणं," ते म्हणाले.

"लक्ष्मी सोफ्याखाली पोचली आहे," मी म्हणालो.

"मग काढू नका बाहेर लगेच."

अण्णा छत्री घेऊन पाहणीला आले. त्यांनी पाण्याची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि निकाल दिला, "ढाळ बरोबर आहे. घर चुकलंय." किराणावाले म्हणाले, राख टाकली असती तर पाणी शोषून घेतलं असतं. सर म्हणाले, यादवकाळात उंबरे उंच असत. डॉक्टरांचा फोन आला. कंबर कशी आहे ते विचारायचं राहून गेलं, ओटा फुगला का, हे मात्र विचारलं. सकाळी दूधवाला आला. गुडघाभर नव्हे, पण घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या माझ्या पातेल्यात त्यानं माप ओतलं. "ढाळ," म्हणाला. या वेळी गाडी बंद करून म्हणाला.

माझं म्हणणं अजून तेच आहे की दोष पावसाचा. तो नेहमी येतो त्या दिशेनं आला असता तर प्रश्न नव्हता. पण बायको हवामानशास्त्रावर चर्चा करायला तयार नव्हती. तिनं गवंडी बोलावला. त्यानं सगळे दगड उकलले, ढाळ रस्त्याच्या गटारीकडं फिरवला, सुतळी ताणली, आणि ज्या कामात माझा उन्हाळा गेला ते काम तो विडी विझायच्या आत उरकतोय की काय, असं वाटायला लागलं. मी देखरेख करत होतो.

"काका, सावलीत बसा तुमी," तो म्हणाला. "म्हंजी काम उरकंल."

दगड मात्र पुरले नाहीत. बारा बाय दहाचा ओटा बारा बाय आठ झाला. त्याला 96 दगड लागले. चार भद्द वाजलेले. उरले तीस. तीस दगड बेपत्ता! नोकरीत एक वॉशर कमी न भरलेल्या माणसाला रात्री झोप कशी लागावी? मी वही काखोटीला मारली, कानाला पेन लावलं आणि गल्लीत स्टॉक तपासणीला निघालो.

सगळे सापडले. म्हणजे दिसले. रिक्षाच्या चाकाला एक, छपरावर दोन, गॅसच्या टाकीखाली एक, पाण्याच्या टाकीवर दोन, आचाऱ्याच्या चुलीला दोन. तुळशीवृंदावनाला खालून चार. आमचीच माती, आमचेच दगड. नळावर हंडे ठेवायला पाच, त्यावर चार बायका आणि एक भांडण. किराणा दुकानाची पायरी, तीन. वास्तूवाल्यांच्या दारात, ईशान्य कोपऱ्यात, दोन. दोन स्टंपांचे दोन, त्यातल्या एकाला चेंडू लागून आउट की नॉट आउट यावर वाद चाललेला, आणि "दगड काकांचा आहे, काकांनाच विचारा," म्हणून मला पंच केलं. जो दगड मागायला जावं, त्याच्यावर कुणी तरी उभं, नाहीतर काहीतरी रचलेलं. मी फक्त नोंदी करत गेलो. जावक, जावक, जावक.

शेवटचे सहा अण्णांच्या फाटकाबाहेर होते. तीन खाली, तीन वर, झकास बैठक केलेली. त्यावर अण्णा स्वतः पेपर वाचत बसले होते.

"अण्णा, हे दगड आमचे."

"मग? इथूनच तर तुमच्या ओट्यावर लक्ष राहतं."

"निदान घेतले म्हणून सही तरी करा."

अण्णांनी वही घेतली. कोर्टाच्या सवयीनं पहिल्या पानापासून सगळी वाचली. 'हादरे 13' वर थोडा वेळ थांबले. मग 'दगड सहा, मिळाले' असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली लफ्फेदार सही ठोकली, तारीख घातली, वही मिटून माझ्या हातात दिली आणि बसल्या जागी जरा सरकत म्हणाले, "पुढच्या खेपेला मात्र दगड जरा सपाट बघून आणा. तासभर बसलं की टोचतात."